साखर उलटते तेव्हा

तोडलेला ऊस थांबत नाही, हे तीर्थपुरीच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. घनसावंगी तालुक्यातल्या या गावात समर्थ सहकारी साखर कारखान्याचं 'सागर' हे दुसरं युनिट आहे. हंगामात टोळ्या पहाटेच फडात उतरतात. कोयता चालतो, वाढं छाटलं जातं, मोळ्या बांधल्या जातात आणि ट्रॉल्या, टायरगाड्या वजनकाट्याकडे लागतात. फडातला कोयता आणि कारखान्याची गव्हाण यांच्यामध्ये जे तास जातात, त्यांत उसाचं वजन घटतं, हे डोळ्यांना दिसतं. दुसरी घट दिसत नाही. कांड्याच्या आत साखर हळूहळू साखर राहत नाही.

गुऱ्हाळवाल्यांना ही गोष्ट रसायनशास्त्राच्या आधीपासून ठाऊक आहे. शिळ्या उसाचा गूळ पाघळतो, ढेप टणक बसत नाही. कारखान्याच्या प्रयोगशाळेत यालाच 'इन्व्हर्जन' म्हणतात, म्हणजे उलटणं. हा शब्द दोनशे वर्षांपूर्वीच्या एका फ्रेंच निरीक्षणातून आला. त्या निरीक्षणापासून निघालेली वाट बर्लिनमधल्या एका रुग्णालयाच्या लहानशा प्रयोगशाळेत पोचली आणि तिथे जीवरसायनशास्त्रातलं सर्वात जास्त वापरलं जाणारं समीकरण पक्कं झालं. त्या वाटेवरचा जवळजवळ प्रत्येक महत्त्वाचा प्रयोग उसाच्या साखरेवर झाला आहे. ज्या साखरेवर तीर्थपुरीचा हंगाम चालतो, तीच ही साखर. म्हणून ही कथा इथल्या माणसांना परकी वाटू नये, असं मला मनापासून वाटतं.

पॅरिसमध्ये ज्याँ-बातिस्त बिओ या भौतिकशास्त्रज्ञाने १८१५ च्या सुमारास पाहिलं, की साखरेच्या द्रावणातून एका विशिष्ट प्रकारचा, ध्रुवित प्रकाश गेला की त्याच्या कंपनांची दिशा उजवीकडे वळते. किती वळते हे साखरेच्या प्रमाणावर ठरतं. साखर न चाखता, न आटवता, नुसत्या प्रकाशाने मोजण्याची युक्ती हाती आली. आज कारखान्याची प्रयोगशाळा रसाचा 'पोल' काढते, तो याच युक्तीने. पुढे १८३० च्या दशकात दिसलं, की साखरेच्या द्रावणात आम्ल घालून ठेवलं तर उजवीकडचं वळण कमी होत जातं, शून्यावर येतं आणि मग चक्क डावीकडे जातं. वळण उलटलं, म्हणून 'इन्व्हर्जन'. याचं कारण नंतर नीट कळलं. उसाची साखर, म्हणजे सुक्रोज, फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज अशा दोन साखरा समसमान तयार होतात. फ्रुक्टोजचं डावं वळण ग्लुकोजच्या उजव्या वळणापेक्षा मोठं असल्यामुळे मिश्रण डावीकडे झुकतं.

ही प्रक्रिया घडते हे बिओच्या काळीच कळलं होतं. ती किती वेगाने घडते, हा प्रश्न लुडविग विल्हेल्मी या जर्मन शास्त्रज्ञाने विचारला. १८५० साली त्याने उसाच्या साखरेवर आम्ल कसं काम करतं, याचा नियमच मांडला. दर क्षणाला जेवढी साखर शिल्लक आहे, तेवढ्याच प्रमाणात ती उलटते. पहिल्या तासात निम्मी उलटली, तर दुसऱ्या तासात उरलेल्यातली निम्मी. साखर दुप्पट घ्या, वेग दुप्पट. रासायनिक क्रियेचा वेग गणिताच्या भाषेत लिहिण्याचा हा पहिला यशस्वी प्रयत्न होता आणि जवळजवळ कुणी त्याकडे पाहिलं नाही. विल्हेल्मी १८६४ साली वारला. त्याच्या कामाचं मोल विल्हेल्म ओस्टवाल्डने जगापुढे आणलं, ते त्यानंतर वीस वर्षांनी.

आम्लाशिवायही साखर उलटते. यीस्टला साखर आंबवायची असेल तर आधी तिचे दोन तुकडे करावे लागतात. मार्सेलँ बर्तेलोने १८६० साली यीस्टच्या पाण्यातून, अल्कोहोल घालून, एक पांढरा साका वेगळा केला. त्यात यीस्टची एकही जिवंत पेशी नसताना तो साखर उलटवत होता. हेच इन्व्हर्टेज. अशा पदार्थांना 'एन्झाइम' हे नाव १८७० च्या दशकात जर्मन शरीरशास्त्रज्ञ विल्हेल्म क्युने याने दिलं. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ 'यीस्टमध्ये'. आपल्या शाळेच्या पुस्तकांत त्याला विकर म्हणतात.

पुढची पावलं बिअरच्या गावात पडली. इंग्लंडमधल्या बर्टन-ऑन-ट्रेंटमध्ये मद्यनिर्मितीचे मोठे कारखाने होते आणि तिथल्या रसायनतज्ज्ञांना यीस्टचा कारभार समजून घेणं हा पोटापाण्याचा प्रश्न होता. कॉर्नेलियस ओ'सलिव्हन आणि फ्रेडरिक टॉम्पसन यांनी १८९० साली इन्व्हर्टेजवर प्रदीर्घ निबंध लिहिला. त्यांच्या एका नमुन्याने स्वतःच्या वजनाच्या एक लाख पट साखर उलटवली होती आणि तरीही तो काम करत होता. विकर स्वतः खर्ची पडत नाही, याचा याहून ठळक पुरावा कुठला? मात्र वेगाच्या बाबतीत त्यांचा निष्कर्ष विल्हेल्मीच्याच नियमाकडे झुकला. त्यांच्या मते विकरही आम्लासारखंच चालतं.

तसं नव्हतं. हे दाखवलं एड्रियन ब्राउनने. तोही बर्टनमध्ये काम केलेला माणूस. पुढे बर्मिंगहॅमला मद्यनिर्मितीच्या शास्त्राचा प्राध्यापक झाला. त्याने १९०२ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग अगदी साधा होता. इन्व्हर्टेज तेवढंच ठेवायचं आणि साखर मात्र वाढवत न्यायची, १०० मिलिलिटर द्रावणात सुमारे ५ ग्रॅमपासून ४० ग्रॅमपर्यंत. विल्हेल्मीचा नियम लागू असता, तर शेवटच्या भांड्यात पहिल्याच्या आठपट साखर उलटायला हवी होती. प्रत्यक्षात तासाभरात उलटलेली साखर सगळ्या भांड्यांत सव्वा ग्रॅमच्या आसपास राहिली. जास्तीत जास्त दाट द्रावणात ती उलट थोडी कमीच भरली. मग त्याने साखर फार पातळ केली, तेव्हा मात्र वेग साखरेच्या प्रमाणात खाली आला.

हे कोडं समजण्यासाठी तीर्थपुरीच्या यार्डात उभं राहावं. सकाळी यार्ड जवळजवळ रिकामं असताना गव्हाणीवर एकेक ट्रॉली येते आणि लगेच रिकामी होते. ट्रॉल्या दुप्पट आल्या तर गाळप दुप्पट होतं. दुपारी रस्त्यापर्यंत रांग लागली, की गाळप गव्हाणीच्या आणि मिलच्या ताकदीवर ठरतं. रांग शंभरची असो की दोनशेची, तासाला तेवढाच ऊस आत जाणार. ब्राउनने विकराबद्दल नेमकं हेच ओळखलं. विकराचा रेणू साखरेच्या रेणूला धरतो, काही काळ धरून ठेवतो, मग फोडून सोडतो. तो 'काही काळ' शून्य नसल्यामुळे वेगाला छत आहे. साखर कमी असते तेव्हा विकर रिकाम्या हाताने वाट पाहतं आणि साखर जास्त झाली की साखर वाट पाहते. विकर आणि साखर मिळून एक तात्पुरता जोड तयार होतो; असा जोड त्या काळी कुणी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. ब्राउनने ही कल्पना निव्वळ वेगाच्या आकड्यांवरून बांधली. मला या साऱ्या इतिहासातला हा सर्वात सुंदर क्षण वाटतो.

पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, पॅरिसमध्ये व्हिक्टर आँरी याने आपल्या प्रबंधात या कल्पनेला समीकरण दिलं. समीकरण बरोबर होतं, आकडे मात्र डळमळीत. त्यामागे दोन कारणं होती. पहिलं, द्रावण किती आम्ल आहे यावर विकराचं काम फार अवलंबून असतं आणि आँरीच्या प्रयोगांत त्यावर काबू नव्हता. आम्लता मोजण्याचं पीएच हे माप कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सनने आणलं, तेच मुळी १९०९ मध्ये. दुसरं कारण प्रकाशाच्या मोजणीत लपलेलं होतं. सुक्रोजमधून नुकताच सुटलेला ग्लुकोज प्रकाश फार जास्त वळवतो आणि हळूहळू आपल्या कायमच्या वळणावर स्थिरावतो. त्यामुळे वळण पाहून हिशेब केला, तर प्रत्यक्षापेक्षा कमी साखर उलटल्यासारखी दिसते. ओ'सलिव्हनला हे माहीत होतं, आँरीने ते लक्षात घेतलं नाही.

आता बर्लिन. लिओनोर मिकाएलिस हा सदतीस वर्षांचा ज्यू डॉक्टर. गुणवत्ता पुरेपूर होती, पण विद्यापीठात पगाराची जागा नव्हती. पोटासाठी तो 'अम उर्बान' या नगरपालिकेच्या रुग्णालयात जंतुशास्त्राचं काम करी आणि तिथल्याच लहान प्रयोगशाळेत संशोधन. १९१२ साली त्याच्याकडे कॅनडाहून मॉड मेंटन आली. ओंटारिओतली ही मुलगी टोरांटो विद्यापीठाची एम. डी. होती. त्या काळी इतकं वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या कॅनेडियन स्त्रिया मोजक्याच होत्या. दोघांनी नवा सिद्धान्त काढला नाही. त्यांनी आँरीचा सिद्धान्त घेतला, आपल्या निबंधात त्याचं ऋण मोकळेपणाने मान्य केलं, आणि त्याचा प्रयोग नीट करून दाखवला.

नीट म्हणजे कसा? आम्लता एका जागी राहावी म्हणून त्यांनी ॲसिटेटचं बफर वापरलं. तापमान २५ अंशांवर ठेवलं. ठरावीक वेळाने नमुना काढून त्यात सोडा घातला. सोड्याने विकर जागच्या जागी थांबतं आणि ग्लुकोजही चटकन आपल्या स्थिर वळणावर येतो, त्यामुळे मोजणी खरी निघते. सर्वात महत्त्वाचं म्हणजे त्यांनी क्रियेचा फक्त सुरुवातीचा वेग घेतला. नंतर तयार झालेल्या साखरा विकराच्या आड येतात आणि हिशेब गढूळ होतो.

त्यांनी साखरेची सात द्रावणं घेतली, प्रत्येक आधीच्यापेक्षा निम्म्या ताकदीचं. सर्वात दाट द्रावणात लिटरमागे सुमारे ११४ ग्रॅम साखर, सर्वात पातळात पावणेदोन ग्रॅमच्या आसपास. म्हणजे ६४ पटींचं अंतर. आम्ल असतं तर वेगातही ६४ पटींचा फरक पडला असता. त्यांच्या समीकरणाने हिशेब केला, तर विकराचा वेग या अख्ख्या पल्ल्यात जेमतेम चौपट होतो. आलेख काढला तर रेघ आधी चढते, मग वाकते आणि मग आडवी पडत जाते. चढ कुठे संपतो हे सांगायला त्यांनी एक आकडा काढला. साखर किती असली की वेग आपल्या छताच्या निम्म्यावर येतो? यीस्टच्या इन्व्हर्टेजसाठी उत्तर आलं लिटरमागे ०.०१६७ मोल, म्हणजे साधारण पावणेसहा ग्रॅम. आज याला मिकाएलिस स्थिरांक म्हणतात. प्रत्येक विकराला प्रत्येक पदार्थासाठी असा आपला आकडा असतो. तो लहान असेल तर विकर थोड्या मालावरही जोरात चालतं, मोठा असेल तर त्याला भरपूर माल लागतो.

निबंध १९१३ साली एका जर्मन जीवरसायन नियतकालिकात आला. लेखकांच्या नावांत 'मिस मॉड एल. मेंटन' असं छापलं होतं. दोघांपैकी कुणाचंही आयुष्य त्यामुळे सोपं झालं नाही. मिकाएलिसला जर्मनीत हवी ती जागा मिळालीच नाही. तो १९२२ मध्ये जपानला नागोयाला गेला, तिथून अमेरिकेला, आणि १९४९ साली न्यूयॉर्कमध्ये वारला. मेंटनने शिकागोत पीएच. डी. मिळवली आणि पिट्सबर्ग विद्यापीठात दशकंच्या दशकं रोगनिदानशास्त्र शिकवलं. ती चित्रं काढायची, क्लॅरिनेट वाजवायची. पूर्ण प्राध्यापकपद मिळालं, तेव्हा ती सत्तरीला टेकली होती.

विकर साखरेला धरतं आणि सोडतं ते इतक्या वेगाने, की त्यांच्यात समतोल साधलेला असतो, असं मिकाएलिस आणि मेंटन यांनी गृहीत धरलं होतं. केंब्रिजमध्ये जॉर्ज ब्रिग्ज आणि जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२५ मध्ये दाखवलं, की इतकं गृहीत धरायची गरज नाही. तात्पुरत्या जोडांची संख्या जवळपास स्थिर राहते एवढं मानलं तरी समीकरणाचं रूप तेच निघतं. हाल्डेन पुढे भारतात आला, भारतीय नागरिक झाला आणि १९६४ साली भुवनेश्वरला त्याचा अंत झाला.

हाल्डेन केंब्रिजच्या जीवरसायन विभागातून गेल्यावर काही वर्षांनी, १९३७ मध्ये, त्याच विभागात एक मराठी मुलगी दाखल झाली. कमला भागवत, दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण. मुंबई विद्यापीठातून पहिल्या आलेल्या या मुलीला बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री म्हणून आधी प्रवेश नाकारला होता. तो तिने झगडून मिळवला. केंब्रिजमध्ये सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या विभागात, रॉबिन हिल यांच्या हाताखाली काम करताना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी असल्याचं तिने दाखवलं आणि १९३९ मध्ये अवघ्या चाळीसेक पानांच्या प्रबंधावर पीएच. डी. मिळवली. कमलाबाई सोहोनी या नावाने मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी पुढे जे केलं, ते आपल्या विषयाला थेट भिडतं. कडधान्यांत प्रथिनं पचवणाऱ्या ट्रिप्सिन या विकराला अडवणारे पदार्थ असतात. त्यांचा त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अभ्यास केला. अडवणारा पदार्थ आला की वेगाची वाकडी रेघ कशी बदलते, हे पाहण्याचं मापच मुळी मिकाएलिस आणि मेंटन यांनी घालून दिलेलं. कमलाबाईंचं दुसरं मोठं काम नीरेवरचं. गरीब मुलांना आणि गरोदर बायांना नीरेतून पोषण मिळू शकतं, हे त्यांनी दाखवलं आणि त्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. नीराही सुक्रोजचीच. पहाटे उतरवलेली गोड नीरा ऊन चढताच फसफसते, कारण यीस्टने तिथेही पहिलं काम तेच केलेलं असतं: साखर उलटवण्याचं.

दरम्यान गोदावरीकाठी वेगळाच इतिहास घडत होता. पैठणच्या जायकवाडी धरणाचा पाया लालबहादूर शास्त्रींनी १९६५ मध्ये घातला आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी ते राष्ट्राला अर्पण केलं. डाव्या कालव्याचं पाणी जालना आणि परभणीकडे निघालं. ज्वारी, बाजरी, कापूस अशी पिकं घेणाऱ्या कोरडवाहू रानांत ऊस उभा राहिला. पाण्याबरोबर ऊस आला, उसाबरोबर कारखाना आला, आणि कारखान्याबरोबर शिळ्या उसाचा प्रश्न.

या प्रश्नावर बर्लिनच्या आकड्याने काय सांगितलं? पिकलेल्या उसाच्या रसात शंभर भागांत पंधरा ते अठरा भाग साखर असते, म्हणजे लिटरला दीडशे ग्रॅमच्या पुढे. यीस्टच्या इन्व्हर्टेजचं निम्म्या वेगाचं माप पावणेसहा ग्रॅम. रस त्याच्या पंचवीस-तीस पट दाट. उसाच्या स्वतःच्या इन्व्हर्टेजचे आकडे यीस्टपेक्षा वेगळे निघतात, पण रस आलेखाच्या आडव्या पडलेल्या भागातच राहतो. यार्डात रांग लागलेली आहे आणि गव्हाण पूर्ण ताकदीने चालू आहे, तशी ही स्थिती. त्यामुळे ऊस थोडा कमी गोड आहे की जास्त, याने साखर उलटण्याच्या वेगात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो विकर किती आहे, ऊन किती आहे आणि तास किती गेले यांनी. वाढीच्या काळात उसात इन्व्हर्टेज भरपूर असतं, कारण कोवळ्या कांड्याला साखर फोडून वापरायची असते. पक्व होताना ते उतरतं आणि साखर साठते. तोडल्यावर ते पुन्हा डोकं वर काढतं. शिवाय छाटलेल्या टोकांतून ल्युकोनोस्टॉकसारखे जिवाणू आत शिरतात. ते साखरेपासून चिकट डेक्स्ट्रान बनवतात आणि मग रस गाळणंही अवघड होतं. कारखान्यात रसाला चुना देतात आणि तो तापवतात, तो यासाठीही. चुन्याने विल्हेल्मीचं आम्ल शमतं, उष्णतेने बर्तेलोचं विकर मरतं. मिलच्या अलीकडे मात्र हाताशी एकच उपाय उरतो: तोडल्यापासून शक्यतो चोवीस तासांच्या आत गाळप.

२०२१-२२ च्या हंगामात तो उपाय हातचा गेला. पाऊस चांगला झालेला, धरणं भरलेली, मराठवाड्यात उसाचं क्षेत्र वाढलेलं. महाराष्ट्रात त्या हंगामात सुमारे १३७ लाख टन साखर झाली आणि राज्य देशात पहिलं आलं. पण जालना, बीडसारख्या जिल्ह्यांत एप्रिल उजाडला तरी ऊस रानात उभा होता. तोडणीच्या टोळ्या परतीच्या वाटेला लागत होत्या. ज्यांचा ऊस तुटत नव्हता, ती कुटुंबं सकाळ-संध्याकाळ कारखान्याच्या आणि मुकादमाच्या दारात उभी राहत होती. वर्षभर पाणी, खत, मजुरी घालून वाढवलेलं पीक डोळ्यांदेखत वाळताना पाहणं काय असतं, हे त्या उन्हाळ्यात मराठवाड्याने अनुभवलं. तुटलेला ऊसही लांबच्या कारखान्यांकडे जात होता. चाळीस अंशांच्या उन्हात आणि लांबलेल्या तासांत विकर आपलं काम करत राहिलं. साखरेचा उतारा घसरला. राज्य सरकारने ५० किलोमीटरच्या पुढच्या वाहतुकीसाठी टनामागे दर किलोमीटरला ५ रुपये, आणि १ मे २०२२ नंतर गाळलेल्या उसासाठी उतारा घटल्याबद्दल टनाला २०० रुपये अनुदान जाहीर केलं. हंगाम जूनपर्यंत चालला, आणि पहिला पाऊस आला तेव्हाही काही रानांत ऊस उभाच होता.